क्षेत्रसभा कुणी पाहिलीय का? हात वर करा

बाळीवेसकर: काल इथं एकानं लिहिलं, 'सोलापूरकराला नळाला पाणी पाहिजे, पण महापालिकेची पायरी चढायची नाही. असल्यांना असलाच कारभार मिळणार.' डोकं फिरलं वाचून. साहेब, चढून जायचं कुणाकडं? 2009 ला कायद्यात क्षेत्रसभा आली. नगरसेवकानं भागातल्या मतदारांना बोलवायचं, कामं त्यांच्यासमोर मांडायची. तुमच्या भागात एक तरी झाली? एका प्रभागात चार-चार नगरसेवक. गटार तुंबली की पहिला म्हणतो दुसऱ्याला विचारा. मार्च 2022 ला मुदत संपली आणि प्रशासक बसला, तेव्हा तर विचारायलाही कुणी उरलं नाही. आणि हे तेच शहर, जिथं 6 एप्रिल 1930 ला नगरपालिकेवर तिरंगा चढला होता.

जुळे सोलापूर: पोस्ट माझीच. गटारीच्या विषयात 1930 कशाला ओ? आमच्या सोसायटीत पार्किंगची मीटिंग असली की खुर्च्या पुरत नाहीत. घरपट्टीवर हरकत घ्यायला किती गेलो? दोघं. तेही महापालिकेनंच अडवलं का?

विडी घरकुल: तुमची सभा चालू द्या. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड, तेही रात्री दोनला. उजनी धरण भरलं तरी तेच. जानेवारी 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत नाव आलं म्हणून कॉलर ताठ केली होती आम्ही. बॅरल मात्र तेच हायत.

सात रस्ता: पाण्यावर आलाच तर मोटारीचं बोला की. नळाला थेट मोटार लावून ओढता, गल्लीच्या टोकाच्या घराला नुसती हवा येते. मोटार जप्त करायला माणूस आला की अख्खी गल्ली त्याच्या अंगावर. हा तुमचा नागरिकांचा सहभाग!

विडी घरकुल: लावतो मोटार. शेजाऱ्यानं लावल्यावर मी काय भजन म्हणत बसू? दाब असता तर वीजबिल वाढवायची हौस नव्हती. तुमच्याकडं बोअर असेल, म्हणून तत्त्वज्ञान सुचतंय.

सात रस्ता: बोअर आटलाय. आणि माझ्या घरात डोकावायचं काम नाही.

विडी घरकुल: मग तुम्हीपण माझ्या नळात डोकावू नका.

अशोक चौक: भांडा सावकाश. आमच्या गल्लीतल्या बायकांनी पाणी सोडणाऱ्या चावीवाल्यालाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलं. 'लाईन फुटली, आज उशीर' एवढंच टाकतो बिचारा. पाणी काही वाढलं नाही, पण त्याला शिव्या देणं थांबलं. उन्हाळ्यात कुणीतरी ताकही देतं. साहेबांना कळलं तर परिपत्रक काढून बंद करतील, म्हणून गल्लीचं नाव सांगत नाही.

जुळे सोलापूर: बघा! लोकांनी पुढाकार घेतला म्हणूनच झालं.

बाळीवेसकर: आणि पलीकडून उत्तर आलं म्हणून टिकलं. ते सोयीस्कर गाळताय. तुम्ही दोघं हरकत घ्यायला गेलात, कौतुक आहे, खरंच. पुढं काय झालं?

जुळे सोलापूर: पोच मिळाली. शिक्क्याची.

बाळीवेसकर: आणि उत्तर?

जुळे सोलापूर: ...नाही. बरं, तेवढ्यापुरतं तुमचं खरं. पण पुढच्या वेळी दोघांऐवजी पन्नास जण नेले तर उत्तर द्यावंच लागेल. येताय का?

बाळीवेसकर: कामाच्या दिवशी दुपारी असेल तर अवघड आहे.

सात रस्ता: हाहाहा.

विडी घरकुल: पाणी सुटलं. मोटार लावतोय, कळवलं बरं का सात रस्तावाल्यांना.