विमानाला उशीर झाला तर रोख भरपाई हवी का? (चर्चा धागा)

मूलभाडे (धागाकर्ता)

आपल्याकडे विमान रद्द झालं तर पैसे मिळू शकतात. तिकीट कन्फर्म असून आत घेतलं नाही तर मिळू शकतात. पण तेच विमान नऊ तास उशिरा सुटलं तर रोख म्हणून छदाम मिळत नाही. डीजीसीएचा (विमान वाहतूक नियामकाचा) नियम (विभाग ३, मालिका एम, भाग ४) २०१० पासून लागू आहे, रकमा २०१६ मध्ये वाढल्या, पण हा फरक कायम आहे.

रद्द झाल्याची वेळेत सूचना दिली नसेल, तर प्रवासवेळ १ तासापर्यंत असल्यास ५,००० रुपये, १ ते २ तास असल्यास ७,५०० आणि २ तासांच्या वर १०,०००. मात्र ही रक्कम किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. प्रवेश नाकारला आणि तासाभरात दुसरं विमान दिलं नाही, तर दुसरं विमान किती उशिरा मिळतं त्यानुसार त्याच भाड्याच्या २०० टक्के (कमाल १०,०००) किंवा ४०० टक्के (कमाल २०,०००). आणि उशीर झाला तर? खाणं, पाणी आणि फार तर हॉटेल.

त्या हॉटेलचा नियम घड्याळ समोर ठेवून वाचा. उशीर २४ तासांहून जास्त हवा, किंवा ठरलेली वेळ रात्री ८ ते पहाटे ३ मधली असेल तर ६ तासांहून जास्त. म्हणजे रात्री ८:१० चं विमान पहाटे ४ वाजता सुटलं तर हॉटेल. संध्याकाळी ७:५० चं पहाटे ५:५० ला सुटलं, म्हणजे पूर्ण दहा तास, तर रात्र खुर्चीवर.

माझं म्हणणं सरळ आहे. ३ तासांच्या वर उशीर आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर ठरावीक रोख रक्कम मिळालीच पाहिजे. आज रद्द करणं महाग आणि ताटकळत ठेवणं फुकट आहे. मग कंपनी ताटकळतच ठेवणार.

---

रॅम्पवाला

असहमत. ‘ताटकळत ठेवणं फुकट’ हे अर्धसत्य आहे. उभ्या विमानाचा भाडेपट्टा चालू असतो, वैमानिकांचे ड्यूटीचे तास संपत जातात, आणि ते संपले की पुढची दोन उड्डाणंही कोसळतात. मुद्दाम कोणी उशीर करत नाही.

आता हिशेब. ७८ आसनी एटीआर (छोटं पंख्यांचं विमान), प्रादेशिक मार्ग, मूळ भाडं सरासरी ३,००० धरू. विमान गच्च भरलं तरी उत्पन्न २ लाख ३४ हजार. प्रत्येकाला सरसकट ५,००० द्यायचे झाले तर ३ लाख ९० हजार. एका बिघाडात त्या फेरीचं अख्खं उत्पन्न जाऊन वर खिशातून दीड लाख. असा नियम आला की पहिली गदा मुंबई-दिल्लीवर येणार नाही, छोट्या गावांच्या मार्गांवर येईल.

दुसरं म्हणजे वेळापत्रकं फुगवली जातील. सव्वा तासाच्या फेरीला आत्ताच दीड तास छापतात, उद्या पावणेदोन छापतील. कागदावर सगळं वेळेत, प्रवासी तिथल्या तिथे.

---

मूलभाडे

रॅम्पवाला, तुमचा एटीआरचा हिशेब सरसकट रकमेवर उभा आहे. रद्द झाल्यावरचं सूत्रच उशिराला लावा ना, ‘जे कमी असेल ते’. मग ३,००० मूळ भाड्यावर इंधन शुल्क धरूनही फार तर तेवढंच आणि थोडं वर. तिकिटावरची एकूण रक्कम त्यात येतच नाही. देशांतर्गत तिकिटात २०० रुपये विमानतळ सुरक्षा शुल्क, शिवाय विमानतळ विकास शुल्क, इकॉनॉमीचा ५ टक्के जीएसटी आणि संकेतस्थळाचं सुविधा शुल्क असतं. ते सगळं वजा जातं. म्हणजे ४,६०० च्या तिकिटावर १०,००० मिळतील या भ्रमात कोणी राहू नये. (बऱ्याच बातम्यांत नुसता वरचा आकडा छापतात, म्हणून हे मुद्दाम.)

---

सह्याद्रीपार

युरोपातला नियम इथे सगळे तोंडी लावायला घेतात, म्हणून नेमकं सांगतो. २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम. १,५०० किमीपर्यंत २५० युरो, ३,५०० पर्यंत ४००, त्यावर ६००. गंमत म्हणजे त्या नियमाच्या मजकुरातही उशिरासाठी रोख रक्कम नव्हतीच! ती तिथल्या न्यायालयाने नोव्हेंबर २००९ च्या निकालात आणली. ३ तास किंवा जास्त उशिरा पोहोचलेला प्रवासी आणि रद्द विमानाचा प्रवासी यांचं नुकसान सारखंच, असा तो तर्क. मूलभाडे म्हणतात तोच.

‘पोहोचणं’ म्हणजे चाकं टेकणं नव्हे. विमानाचं एक तरी दार उघडून उतरायची परवानगी मिळाली तो क्षण धरायचा, असा २०१४ चा निकाल आहे. २ तास ५५ मिनिटांना चाकं टेकली आणि दार ३ तास ४ मिनिटांनी उघडलं, तर दावा लागू.

मुंबईकरांसाठी महत्त्वाचं: फ्रँकफर्टहून मुंबईला येताना कंपनी कोणतीही असो, नियम लागू. मुंबईहून फ्रँकफर्टला जाताना फक्त युरोपीय कंपनी असेल तरच. त्याच मार्गावर जाताना भारतीय कंपनीने गेलात तर ६०० युरो विसरा. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडताना हाच नियम पौंडांत ठेवला: २२०, ३५० आणि ५२०. मुंबई-लंडन ३,५०० किमीच्या पुष्कळ पुढे, त्यामुळे ५२०. पण उशीर ३ ते ४ तासांतला असेल तर निम्मे, २६०.

---

रॅम्पवाला

आणि त्याच युरोपात जून २०२५ मध्ये सदस्य देशांच्या मंत्र्यांनी ३ तासांची मर्यादा ४ आणि ६ तासांवर न्यायची भूमिका घेतली, हेही सांगा की. कंपन्यांचा तर्क असा की ३ तासांत दुसरं विमान उभं करता येत नाही, मग ‘आता पैसे द्यायचेच आहेत’ म्हणून रद्दच करून टाकतात. तिथली संसद विरोधात आहे हे खरं. पण नियम कडक केला की प्रवासी लवकर पोहोचतो, हे गृहीतक धरू नका.

सुरक्षेचंही बोलू. तांत्रिक बिघाड ही सहसा ‘असाधारण परिस्थिती’ (जिच्यात भरपाई माफ असते ती) नाही असं युरोपच्या न्यायालयाने २००८ मध्ये ठरवलं. म्हणजे इंजिनिअरने विमान थांबवलं की मीटर सुरू. हा दबाव नको.

---

स्पॅनर

सुरक्षेच्या या मुद्द्यावर थोडं तांत्रिक. विमान सोडायचं की थांबवायचं हे एमईएलवर (मिनिमम इक्विपमेंट लिस्ट) ठरतं. कोणता भाग बंद असताना, कोणत्या अटींवर, किती दिवस उडता येईल याची ती यादी. ‘बी’ वर्गातला दोष ३ दिवसांत, ‘सी’ १० दिवसांत, ‘डी’ १२० दिवसांत दुरुस्त करायचा. यादीत बसत नसेल तर विमान जमिनीवर, मग आत १८० माणसं बसली असोत की मंत्री. सही करणाऱ्या इंजिनिअरचा परवाना पणाला असतो, कंपनीची तिजोरी नाही. अंतिम नकार कॅप्टनच्या हातात.

दबाव येतो तो कंपनीच्या नियंत्रण कक्षातून, आणि तो वेळेवर सुटण्याच्या टक्केवारीसाठी आजही येतो. पण एक गोष्ट रॅम्पवाल्यांच्या बाजूची: सुटा भाग वेळेवर न मिळणं आणि उडायच्या आधी पक्षी आदळणं, दोन्हीला फलकावर ‘तांत्रिक’च लिहितात. पहिलं कंपनीचं नियोजन, दुसरं नाही. भरपाई द्यायची तर हा फरक कोण करणार?

---

लोहगावकर

कारण कोणाचं, हाच सगळा खेळ आहे. लोहगाव हवाई दलाचं, दाबोळी नौदलाचं. तिथे मिळणाऱ्या वेळा सरावाच्या वेळा सोडूनच. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरात. यात कंपनी काय करणार?

---

मूलभाडे

मुंबईची मुख्य धावपट्टी देखभालीसाठी बंद राहणार असेल तर ते खूप आधी जाहीर होतं. दाबोळीला नौदल कालपरवा आलेलं नाही. आधीपासून माहीत असलेली अडचण ‘असाधारण’ कशी?

धुक्याचंही तसंच. कॅट ३-बी प्रणालीने (धुक्यात यंत्रांच्या आधारे उतरायची सोय) ५० मीटर दृश्यमानतेतही उतरता येतं, पण विमान आणि वैमानिक दोन्ही त्यासाठी पात्र हवेत. डिसेंबर २०२३ च्या धुक्यात तसं प्रशिक्षण नसलेले वैमानिक दिल्लीसाठी नेमले म्हणून डीजीसीएने दोन कंपन्यांना प्रत्येकी ३० लाखांचा दंड केला. धुकं देवाचं, रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) कंपनीचं.

आणि डिसेंबर २०२५? इंडिगोची उड्डाणं हजारोंनी कोसळली. वैमानिकांच्या विश्रांतीचा नियम, आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास, आणि १ नोव्हेंबरपासून रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा. सगळं आधी जाहीर झालेलं. जानेवारी २०२६ मध्ये २२.२० कोटींचा दंड झाला. तो सरकारजमा. तीन दिवस विमानतळावर काढलेल्यांच्या खात्यात त्यातला रुपया आला नाही.

---

रॅम्पवाला

त्या प्रसंगात रद्द उड्डाणांसाठी ५ ते १० हजारांची भरपाई आणि ३ ते ५ डिसेंबरला सर्वाधिक हाल झालेल्यांना १०,००० चं प्रवास व्हाउचर कंपनीनेच जाहीर केलं होतं. पण नियोजन चुकलं, हे मान्य. ते झाकण्यात मला रस नाही.

---

कलम चौतीस

नवा नियम येईल तेव्हा येईल. आहे तो तरी नीट वापरला जातो का? दावे कुठे पडतात ते सांगतो.

पहिली मेख मोबाइल क्रमांकाची. एजंट बुकिंग करताना स्वतःचा क्रमांक आणि ईमेल टाकतो. रद्द झाल्याचा मेसेज त्याला जातो, तो झोपलेला असतो. नियमात लिहिलंय की पुरेसा संपर्क तपशील नसेल तर भरपाई नाही. म्हणून पीएनआर हातात आल्याबरोबर कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन आपला क्रमांक घाला.

दुसरी, व्हाउचरची. भरपाई रोख किंवा बँकेत मागता येते. व्हाउचर फक्त तुमच्या सहीच्या संमतीने. काउंटरवर घाईघाईत पुढे केलेल्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असतील तर सही करू नका.

तिसरी, खाण्याची. प्रवासवेळ अडीच तासांपर्यंत असेल तर २ तासांच्या उशिराला, अडीच ते पाच तास असेल तर ३ तासांच्या, त्याहून जास्त असेल तर ४ तासांच्या उशिराला खाणं-पिणं द्यावंच लागतं. हवामानामुळे रोख भरपाई टळते, पण सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिल्ली-हैदराबादच्या धुक्याच्या प्रकरणात सांगितलं की उशिराची जबाबदारी नसली तरी अडकलेल्या प्रवाशाची सोय बघण्याची जबाबदारी सुटत नाही. त्या खटल्यात निकाल कंपनीच्या बाजूने लागला, हेही ध्यानात ठेवा. नुसता मनस्ताप सांगून पैसे मिळत नाहीत. मागितलं आणि दिलं नाही, हे दाखवावं लागतं. मागणी तिथल्या तिथे ॲपच्या चॅटवर लिहा, वेळेसकट राहते.

सहा तासांहून जास्त उशीर दिसत असेल तर देशांतर्गत प्रवाशाला दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. इथे पाऊण-पाऊण तासाचे हप्ते करून ५ तास ५० मिनिटांपर्यंत नेतात असा आरोप होतो. म्हणून प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट हवा, फक्त शेवटचा नाही.

तक्रारीचा क्रम: कंपनीचा नोडल अधिकारी, मग अपील अधिकारी, सोबत सरकारचं एअरसेवा तक्रार पोर्टल. तिथे हाललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ मुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असलं तरी तुम्ही साताऱ्यातच लढा. मोबदला (तिकिटासाठी दिलेली रक्कम) ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, मुदत २ वर्षं. दुसरा रस्ता स्थायी लोक अदालतीचा. हवाई वाहतूक तिथे सार्वजनिक उपयोगिता सेवा म्हणून येते, शुल्क नाही.

---

सह्याद्रीपार

कलमसाहेब, एक पुरवणी. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू आहे, भारत २००९ पासून त्यात आहे. उशिराच्या नुकसानीची मर्यादा डिसेंबर २०२४ अखेरपासून माणशी ६,३०३ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). पण ही ठरावीक भरपाई नव्हे. चुकलेलं पुढचं तिकीट, हॉटेल, टॅक्सी अशी बिलं दाखवाल तेवढीच. ‘शक्य ते सगळं केलं’ असं कंपनीने सिद्ध केलं तर तेही नाही. दावा २ वर्षांच्या आत.

---

स्पॅनर

बिलांपेक्षा कारण मिळवणं कठीण. फलकावर ‘ऑपरेशनल रीझन’ एवढंच. पण कंपनीच्या आत प्रत्येक उशिराला दोन आकडी कोड लागतो: ४१ म्हणजे विमानातला दोष, ७१ निघायच्या ठिकाणचं हवामान, ९३ म्हणजे विमान आधीच्या फेरीहून उशिरा आलं, ९५ वैमानिक आधीच्या फेरीत अडकले.

यातला ९३ सगळ्यात लबाड. एकच विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या मारतं. सकाळी दिल्लीत ७१ लागला की संध्याकाळी नागपूरला, लख्ख आकाशाखाली, ९३ लागतो आणि प्रवाशाला सांगतात ‘हवामान’. मधल्या आठ तासांत विमान बदलता आलं असतं का, हा खरा प्रश्न. पडताळायचं असेल तर ट्रॅकिंग ॲपवर विमानाचा नोंदणी क्रमांक (व्हीटी ने सुरू होणारा) टाकून त्याच्या दिवसभरातल्या फेऱ्या बघा, आणि त्या वेळचा मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) काढा. तो दर अर्ध्या तासाला निघतो, कोणालाही बघता येतो.

---

मूलभाडे

मग उशिराच्या प्रमाणपत्रावर हा कोड छापायची सक्ती करा. रोख रकमेवर आपण भांडत राहू, पण याला कोणाची हरकत आहे?

---

रॅम्पवाला

माझी नाही. पण कोड छापला तर मूळ कारणासकट छापा. नुसता ९३ छापलात तर धुक्यात अडकलेली कंपनीही दोषी आणि सुटा भाग न ठेवणारीही दोषी. ९३ च्या पुढे पहिल्या फेरीचा कोड कंसात, एवढं झालं तर मी ३ तासांच्या रोख भरपाईवर बोलायला तयार आहे. एटीआरचे मार्ग वगळून.

---

लोहगावकर

एटीआरवाल्याचा उशीर काय कमी लांब असतो का हो?