निरीक्षण गृहातल्या कर्मचाऱ्यांना नाटकाचं प्रशिक्षण द्यावं का?

काठावरचा
मी निरीक्षण गृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी संपेपर्यंत ठेवतात तिथे, नऊ वर्षं काळजीवाहक आहे. दर उन्हाळ्यात एखादी नाट्यसंस्था येते, दहा दिवस मुलांना घेऊन बसते, पाहुण्यांसमोर नाटक होतं आणि अकराव्या दिवशी मुलं पुन्हा आमच्या हवाली. त्या दहा दिवसांत मुलांच्या मनातलं जे वर आलेलं असतं, ते पुढे कसं सांभाळायचं हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून म्हणतो, प्रशिक्षण आम्हालाच द्या.

इंग्लंडमधली गीज थिएटर कंपनी १९८७ पासून गुन्हा केलेल्यांबरोबर नाटकाचं काम करते आणि तुरुंगातल्या, परिवीक्षेतल्या (म्हणजे तुरुंगाबाहेर देखरेखीखाली ठेवण्याच्या व्यवस्थेतल्या) कर्मचाऱ्यांनाही शिकवते. त्यांचे मुखवटे प्रसिद्ध आहेत. मुखवटा चेहऱ्यावर असेपर्यंत पात्र जगाला दाखवायचं ते बोलतं, तो वर केला की मनातलं.

मागच्या पावसाळ्यात मी पुठ्ठ्याचे मुखवटे कापून हे करून पाहिलं. प्रसंग मोबाईल हिसकावण्याचा. गाडीवर मागे बसलेला मुलगा मुखवट्यात भलताच गुर्मीत होता. "मुखवटा वर" म्हटल्यावर पुठ्ठा कपाळाशी धरून तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "उतरायचं होतं. पण चालत्या गाडीवरून उतरणार कसं?"

खोली गप्प झाली. पुढे काय बोलायचं ते मला सुचेना. "चला, जेवायची वेळ झाली," म्हणून मी सगळ्यांना उठवलं. ते अजून मनाला खातं.

वकीलवाडा
तुमची तळमळ कळते, तरी माझा विरोध आहे. निरीक्षण गृहातल्या बहुतेक मुलांची चौकशी अजून चालू असते. "उतरायचं होतं" म्हणजे मी गाडीवर होतो, ही कबुलीच झाली. ती ऐकायला किती जण होते?

बाल न्याय कायद्याप्रमाणे मूल पहिल्यांदा बाल न्याय मंडळासमोर आलं की पंधरा दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या आणि भोवतालच्या परिस्थितीचा अहवाल, द्यायचा असतो. त्याच अधिकाऱ्याला तुम्ही नाटक शिकवणार. सकाळी त्याने मुखवटा वर करायला लावायचा आणि दुपारी अहवाल लिहायला बसायचं? ज्याच्या हातात किल्ली आहे त्याच्यासमोर मूल मोकळं होत नाही. आणि झालंच, तर आपण त्याला फसवलेलं असतं.

नेपथ्य
मी नाटकवाला, पण वकीलवाडा यांच्या बाजूने. तीन दिवसांची कार्यशाळा, प्रमाणपत्र, फोटो, की झाला माणूस तयार! एखाद्या मुलाला रडू फुटलं तर गट कसा सावरायचा हे तीन दिवसांत येत नाही. मला ते यायला वर्षं लागली.

काठावरचा
वकीलवाडा, तुमचं मला लागलं आणि पटलंही. मी त्या मुलाला त्याच्याच गुन्ह्याजवळचा प्रसंग दिला, ती माझी चूक. मँचेस्टर विद्यापीठात १९९२ मध्ये सुरू झालेल्या टिप या तुरुंग-परिवीक्षेतल्या नाट्यकामाच्या केंद्राने परिवीक्षेसाठी 'ब्लॅग' नावाची कार्यशाळा बांधली. तिच्यात गट मिळून एक काल्पनिक माणूस उभा करतो, त्याचं घर, दोस्त, तो दिवस. बोलायचं ते त्याच्याबद्दल. हे मला आधी कुणी शिकवलं असतं तर ती चूक झालीच नसती.

शिवाय कृत्य सिद्ध झाल्यावर बाल न्याय कायद्याच्या कलम १८ खाली मंडळ मुलाला समूह समुपदेशनाचा आदेश देऊ शकतं. तिथे चौकशी संपलेली असते. तिथून तरी सुरुवात करू.

नेपथ्य, तीन दिवस कमीच आहेत. पण तुम्ही अकराव्या दिवशी नसता. त्या रात्री पाळीवर मी असतो.

माई
निवृत्त गृहमाता आहे. एका शिबिरात मला मुलाची भूमिका दिली होती आणि आमच्या शिपायाला गृहमातेची. तो तीनदा माझ्यावर ओरडला, "कितीदा सांगायचं रे तुला?" हुबेहूब माझाच सूर. माझी मान खाली गेली ती गेलीच. मुलांचं नंतर बघा, आधी कर्मचाऱ्यांना एकमेकांसमोर उभं करा.

वकीलवाडा
माई, एवढ्यासाठी प्रशिक्षण द्यायला माझी काहीच हरकत नाही. काठावरचा, कलम १८ चा मुद्दाही मान्य. मात्र गटात बोललेलं अहवालात जाणार नाही, हा नियम लेखी हवा. आणि गट घेणारा त्या मुलाचा अहवाल लिहिणारा नसावा. एवढं झालं, तर पहिल्या तुकडीला कायद्याचा तास घ्यायला मी येतो.