चेक इंजिनचा दिवा लागलाय, गाडी ओढत नाही. घरी काय तपासता येईल?

कोथरूडकर_जुने
मंडळी, गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. १.२ लिटर, रनिंग ८२,०००. रविवारी खंबाटकी चढताना एकदम दम टाकला. ॲक्सिलरेटर दाबूनही उचल नाही, हिसके देते, सिग्नलला थरथरते आणि मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा. एअर फिल्टर दिवाळीत बदललाय. सर्व्हिस सेंटरला सोडली की नको ती कामं निघतात, म्हणून आधी घरी बघायचंय. बजेट १,५०० रुपये. नवी गाडी घ्या असं कृपया सांगू नये.

डिझेलभक्त
नवी गाडी घ्या 😀
गंमत हो. पण माझी डिझेल २ लाख ४० हजार चाललीय, हा दिवा अजून पेटलेला पाहिला नाही.

ठाणे_टू_तळकोकण
@डिझेलभक्त बल्ब गेला असेल. चावी ऑन केल्यावर दिवा लागतो का ते बघा एकदा.

गॅजेटराव
गाडीतला बिघाड वाचणारा चांगला स्कॅनर घेऊन टाका. मी ९,००० चा घेतलाय, एबीएस, एअरबॅग सगळं वाचतो. सोसायटीतले सगळे माझ्याकडेच येतात.

कोथरूडकर_जुने
बजेट १,५०० आहे हो.

गॅजेटराव
एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्या, एवढंच म्हणणं.

पाना_नंबर_१०
आधी सांगा, दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय? लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका. मिसफायर म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल नीट पेटत नाही, ते न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तो तापून खराब होतो आणि मग बजेटला शून्य जोडावं लागतं. स्थिर असेल तर हळू चालवून घरी नेता येते.
२०१४ ची म्हणजे ओबीडी-२ आहे, गाडी बिघाडाचा कोड स्वतःच साठवून ठेवते. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट सापडेल. ७००-८०० चा ब्लूटूथवाला ईएलएम३२७ डोंगल (सॉकेटात बसून कोड फोनवर पाठवतो) आणि टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप, बास.

पुणेरी_पिस्टन
आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ डोंगल जोडला जात नाही, वायफाय किंवा बीएलई (ब्लूटूथ लो एनर्जी) वाला बघा. माझे पैसे असेच गेले, विक्रेत्यानं परतही घेतला नाही.

आबा_सोलापूर
कशाला ते डोंगल? बॅटरीची निगेटिव्ह काढा, अर्ध्या तासानं लावा. दिवा गायब. आमच्याकडं सगळे असंच करतात.

पाना_नंबर_१०
आबा, दिवा जाईल, दुखणं राहील. वर कोडही पुसला जाईल, मग शोधायचं कशावरून? कोड वाचल्याशिवाय बॅटरीला हात लावू नका.

मुळामुठा
हे सगळं ई२० मुळे, २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे होतंय. कोणी बोलत नाही.

ठाणे_टू_तळकोकण
ई२० मुळे ॲव्हरेज पडतं, मान्य. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा. पण एका घाटात अचानक हिसके? तेच पेट्रोल आदल्या दिवशीही टाकीत होतंच की.

मुळामुठा
जुन्या गाड्यांचे रबर पाईप, सील खराब होतात. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्याच नाहीत. तुम्ही मंत्रालयात आहात का?

ठाणे_टू_तळकोकण
वेगळा धागा काढा, तिथं भांडू.

सांगली_एक्सप्रेस
बॉनेट उघडून वायरिंग बघा. पावसाळ्यात उंदीर आत बसतात. माझ्या गाडीची इंजेक्टरची वायर कुरतडली होती, लक्षणं हीच.

कोथरूडकर_जुने
उंदीर नाहीत, लेंड्याही नाहीत. शेजाऱ्यांचा डोंगल मिळाला. दिवा स्थिर आहे. कोड पी०३०२.

गॅजेटराव
माझ्या स्कॅनरवर कोडचा अर्थही लिहून येतो.

पाना_नंबर_१०
०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर. आता एक पैसा खर्च न करता बघता येईल. इंजिन गार होऊ द्या, चावी काढा. तुमच्या इंजिनला प्रत्येक स्पार्क प्लगवर ठिणगीसाठी वीज देणारी स्वतंत्र कॉईल असेल, बहुतेक १० च्या पान्याचा एक बोल्ट. दोनची कॉईल तीनवर आणि तीनची दोनवर. कनेक्टरचं लॉक नीट दाबा, प्लास्टिक जुनं झालंय. मग कोड पुसा आणि एक चक्कर मारा. कोड पी०३०३ झाला तर कॉईल गेली. ०३०२ च राहिला तर प्लग, नाहीतर इंजेक्टर, नाहीतर कॉम्प्रेशन. कॉईल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात तेल किंवा पाणी दिसतंय का तेही बघा. वॉशिंगवाले इंजिनवर प्रेशरनं पाणी मारतात.

पुणेरी_पिस्टन
कॉईलची अदलाबदल करून बघा. कोड सरकला तर कॉईल.

डिझेलभक्त
डिझेलला कॉईलही नाही आणि प्लगही नाही.

पाना_नंबर_१०
गार इंजिन सुरू करायला ग्लो प्लग असतात. असो.

कोथरूडकर_जुने
कोड ०३०३ वर गेला! खड्डे कोरडे आहेत.

पाना_नंबर_१०
मग कॉईलच. ओरिजिनल घ्या, नाना पेठेत मिळेल. आणि ८२,००० पर्यंत प्लग बदलले नसतील तर चारही बदला. प्लगमधला गॅप वाढला की कॉईलवर ताण येतो, नवीही जाईल.

पुणेरी_पिस्टन
ओरिजिनलच. +१

गॅजेटराव
चारही कॉईल बदला. एक गेली की बाकीच्या रांगेत असतात.

कोथरूडकर_जुने
सगळ्यांचे आभार. जुन्या बाजारातून वापरलेली कॉईल आणली, ३०० रुपये. गाडी पळतेय, थरथर गेली. प्लग पुढच्या सर्व्हिसिंगला बघू.

पाना_नंबर_१०
वापरलेली कॉईल, जुने प्लग. घाटात जाताना १० चा पाना सोबत ठेवा.

आबा_सोलापूर
३०० पण कशाला घालवले, बॅटरी काढायची होती.

नवा_चालक_नाशिक
याच धाग्यात विचारतो. माझ्या डिझेलला पी०२९९ येतोय, पिकअप अजिबात नाही. कॉईल बदलू का?