मदत हवी आहे: आयुष्यभर चवड्यावर चालून पोटऱ्या आखडल्या आहेत, ऑटिस्टिक प्रौढांनी यावर काय केलंय?

नमस्कार मंडळी,

मी ३४ वर्षांची, पुण्यात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. तीन वर्षांपूर्वी माझं ऑटिझमचं निदान झालं. प्रश्न चालण्याचा आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही.

चालायला लागले तेव्हापासून मी चवड्यावर चालते. टाच अजिबात टेकत नाही असं नाही. सावकाश चालले आणि लक्ष पायांकडे असलं तर टेकते. घाई झाली, डोक्यात काही घोळत असलं, फार आनंद झाला किंवा भोवती गोंगाट असला की टाचा आपोआप वर जातात. अनवाणी असले की जवळजवळ कायमच. जाड तळव्याचे बूट घातले तर बऱ्यापैकी टेकतात. जोडीला कोपरं दुमडून हात छातीशी धरायची सवय आहे, आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटणं तर रोजचंच.

असं का, तर मला आतून जाणवतं ते सांगते. टाच जमिनीवर पडली की तिचा दणका हाडांमधून थेट डोक्यापर्यंत जातो. आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी होती. थंडीत तिचा गारवा अख्ख्या तळव्याला लागला की पुढची दहा मिनिटं मला दुसरं काही सुचायचं नाही. आणि पोटरी ताणलेली असली की माझे पाय कुठे आहेत ते मला कळतं. पाय सैल सोडून चालले की ते कळेनासं होतं, मग मी अडखळते.

आई दिवसातून वीस वेळा ‘टाच टेकव’ म्हणायची. माझ्या पावलांचा आवाजच येत नाही, पोर मागे येऊन उभी राहिली तरी कळत नाही, म्हणून आजीने पैंजण केले. ती छुमछुम मला सहन व्हायची नाही. मी ते काढून देव्हाऱ्याखाली ठेवायचे, आजी शोधून परत घालायची. दोघीही मायेनेच करत होत्या, पण माझ्या पायांना नेमकं काय होतंय हे विचारायचं कुणाला सुचलं नाही आणि मलाही ते सांगता येत नव्हतं. त्या वेळच्या डॉक्टरांनी मोठी झाली की जाईल असं सांगितलं होतं. बऱ्याच मुलांची ही सवय जातेही. माझी गेली नाही.

आता दुखण्याबद्दल. साधारण दोन वर्षांपासून चवड्यांखाली घट्टे आहेत, उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाखाली कुरूप झालंय. रात्री पोटरीत गोळे येतात, तेव्हा उठून भिंतीला धरून उभं राहावं लागतं. उकिडवं बसता येत नाही. गावी सातारा जिल्ह्यात अजून जुन्या पद्धतीचा संडास आहे. तिथे टाचा टेकवून बसायला गेले की मी मागे कोलमडते, म्हणून चवड्यांवर बसून एक हात भिंतीला लावून तोल धरते. पर्वती चढताना काही वाटत नाही. उतरताना मात्र प्रत्येक पायरीला मागचा घोटा वाकत नाही आणि गुडघ्यावर झटका बसतो.

गेल्या महिन्यात चप्पल शिवायला टाकली. काकांनी दोन्ही चपला उलट्या करून शेजारी शेजारी ठेवल्या. टाचेखालच्या रबराची नक्षी दुकानातून आणली तेव्हा होती तशीच, आणि अंगठ्यामागे बोट आत जाईल एवढं भोक. ते मला म्हणाले, “ताई, दिवसभर जिने चढता का?” मी नुसतं नाही म्हटलं. पण त्या दोन चपला बघून पहिल्यांदा वाटलं की हे आता दाखवायलाच हवं.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाच मिनिटं पाहून टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, आखूड झाल्याचं सांगितलं आणि ती लांबवायची शस्त्रक्रिया सुचवली. मी ऑटिझमचा उल्लेख केला तर त्याचा इथे काय संबंध म्हणाले. संबंध आहे हे मला ठाऊक आहे. ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन करणारे मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांवर जो निबंध लिहिला, त्यातही काही मुलांची चाल बेंगरूळ असल्याची नोंद आहे. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तिकेत, चवड्यावर चालणं आणि वेगळी चाल यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण पुढे वाचायला जावं तर सगळं लहान मुलांबद्दल. मुलं मोठी होतात, त्यांचे पाय मोठे होतात, पुढचं कोण लिहिणार?

मला चारचौघांसारखं चालायचं नाही, हे आधीच सांगते. दुखणं कमी व्हावं, उकिडवं बसता यावं आणि पन्नाशीतही पर्वती उतरता यावी एवढंच हवंय. शस्त्रक्रिया करून शीर लांब झाली तरी टाचेचा दणका तसाच राहणार, मग माझे पाय पुन्हा वर जाणार नाहीत कशावरून? त्याआधी करण्यासारखं काय आहे? कुणी ऑटिस्टिक प्रौढ यातून गेलं असेल तर त्यांचं ऐकायला मला फार आवडेल.

प्रतिसाद (कोल्हापूर, फिजिओथेरपिस्ट)

ताई, तुम्ही फार नीट लिहिलंय. तपासणीला जाल तेव्हा हेच छापून न्या.

शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याआधी एक गोष्ट मोजून घ्या. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून सुरू होतो, आतला सोलियस गुडघ्याखालून. दोन्ही पुढे त्या एकाच शिरेत उतरतात. म्हणून घोटा दोनदा मोजायचा, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून. गुडघा वाकवल्यावर पाऊल वर येत असेल आणि सरळ ठेवल्यावर येत नसेल, तर आखडलाय तो मुख्यतः वरचा स्नायू. दोन्ही वेळा अडत असेल तर सोलियस किंवा शीरही आखडली आहे, किंवा सांध्यातच अडथळा आहे. चालताना पाऊल साधारण १० अंश वर यावं लागतं, जिना उतरताना त्याहून जास्त. पर्वतीवर तुम्हाला तेच कमी पडतंय.

शीर गरजेपेक्षा जास्त लांबवली गेली तर पायातला जोर जातो आणि गुडघे वाकवून चालावं लागतं. ते दुखणं आताच्यापेक्षा वाईट. म्हणून कुठला स्नायू आखडलाय हे कळल्याशिवाय होकार देऊ नका. आणि तुमची शंका बरोबर आहे, शस्त्रक्रियेनंतरही चवड्यावर चालणं परत येऊ शकतं.

आणखी एक. लहानपणापासून दोन्ही पायांनी असं चालणं वेगळं आणि मोठेपणी नव्याने सुरू होणं वेगळं. एकाच पायाची टाच उचलली जात असेल, अलीकडे ठेच जास्त लागत असेल, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, लघवीवरचा ताबा कमी झाला असेल, तर आधी मेंदू आणि मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवा. सौम्य सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचे आणि नसांचे काही आनुवंशिक आजार, मणक्यात अडकलेला मज्जारज्जू यांतही टाच उचलली जाते. ऑटिझमचं निदान आहे म्हणून बाकीचं तपासायचं राहून गेलं असं होता कामा नये. गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया कुणी पाहिल्या का तुमच्या?

धागाकर्ती

मनापासून आभार. हातोडी कुणीच लावली नाही. बधिरपणा नाही, लघवीचा त्रास नाही, दोन्ही पाय सारखेच आणि पहिल्यापासून असेच. तरी तपासून घेते.

प्रतिसाद (ठाणे)

मी ४१ वर्षांचा, मीही ऑटिस्टिक, मीही चवड्यावर चालतो. शस्त्रक्रिया केलेली नाही. मला ज्याने आराम पडला ते सांगतो.

बुटात टाचेखाली एक सेंटिमीटरची मऊ गादी घातली. ताण देऊन देऊन टाच खाली ओढायच्या ऐवजी जमीनच वर आणली असं समजा. पहिल्या आठवड्यात चवड्याखालची आग कमी झाली. त्याने शीर लांब होत नाही, त्यामुळे व्यायाम सोडायचे नाहीत. घरात जाड तळव्याच्या सपाता घालतो, स्वयंपाकघरात ओट्यापाशी जाड चटई टाकली आहे. दणका कमी झाला की माझ्या टाचा बऱ्याच वेळा आपणहून टेकतात, आठवण करून द्यावी लागत नाही.

पायांची जाणीव टिकवायला मी गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे वापरतो. तुम्ही ते पोटरी ताणल्यावर पाय कुठे आहेत ते कळतं असं लिहिलंय ना, ते वाचून मी जरा वेळ थांबलो. इतकी वर्षं मला हे कुणाला समजावून सांगता आलं नव्हतं.

प्रतिसाद (नाशिक)

रोज अधोमुख श्वानासन करा, पोटऱ्या मोकळ्या होतील. आमच्या वर्गात बऱ्याच जणींना फायदा झाला.

प्रतिसाद (कोल्हापूर, फिजिओथेरपिस्ट)

आसन चांगलं आहे, पण इतक्या आखडलेल्या पोटरीला एक धोका असतो. टाच टेकवायच्या हट्टात पाऊल बाहेर वळतं आणि कमान खचते. टाच टेकल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात घोटा वाकलेलाच नसतो, पावलाचा मधला भाग मोडतोय. भिंतीला हात लावून एक पाय मागे घ्या, बोटं सरळ भिंतीकडे किंवा किंचित आत, कमानीखाली घडी केलेला रुमाल. मागचा गुडघा सरळ ठेवून ३० सेकंद, मग तोच थोडा वाकवून ३० सेकंद. दोन्ही पायांनी तीन-तीनदा, रोज. दुखेपर्यंत ताणू नका. ३४ वर्षांची सवय आहे, महिन्यांचा हिशेब धरा.

आणि सांधे गरजेपेक्षा लवचिक आहेत का हेही तपासून घ्या. अंगठा मनगटाकडे वळवल्यावर हाताला टेकतो का, कोपर उलट वाकतं का. ऑटिस्टिक लोकांत असे सैल सांधे जास्त आढळतात. मग बाकीचे सांधे सैल आणि पोटरी तेवढी ताठ असं चित्र असतं, व्यायाम त्या हिशेबाने द्यावे लागतात.

प्रतिसाद (नागपूर)

तुझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते. माझा मुलगा २६ वर्षांचा, ऑटिस्टिक. तुझ्यापेक्षा आमची गोष्ट वेगळी आहे, पण हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणा आईबापांना उपयोगी पडेल.

तोही लहानपणापासून चवड्यावर चालायचा, त्याची आम्हाला सवय होती. १९व्या वर्षी त्याची चाल बदलली. पावलं मंद झाली, उंबरठ्यापाशी येऊन थांबायचा. एक पाय उचलून पाच-पाच मिनिटं तसाच. खांद्याला हलकेच हात लावला की पुढे जायचा. आम्हाला वाटलं हट्ट करतोय, आणि त्याच्यावर ओरडलो. आजही ते आठवलं की जीव तुटतो. पुढे मानसोपचार डॉक्टरांनी सांगितलं की याला कॅटॅटोनिया म्हणतात. ऑटिझमवर काम करणाऱ्या लॉर्ना विंग आणि अमिता शाह यांनी इंग्लंडमध्ये २००० साली यावर लिहिलं आहे. त्यांच्या तज्ज्ञ केंद्रात आलेल्या १५ वर्षांवरच्या ऑटिस्टिक व्यक्तींपैकी १७ टक्के जणांत हे दिसलं होतं. लोराझेपाम या औषधाने माझा मुलगा बराच सावरला. काही मानसिक औषधांनीही चाल मंद आणि ताठ होते, तेही डॉक्टरांनी तपासलं. त्यामुळे चाल पहिल्यापासून वेगळी असेल तर घाबरू नका, पण चाल बदलली तर वाट बघू नका.

प्रतिसाद (मुंबई, ऑक्युपेशनल थेरपिस्ट)

स्नायूंचं वर आलंच आहे, मी स्पर्शाचं बोलते. तुम्ही दणका, गारवा आणि पायांची जाणीव अशी तीन कारणं वेगवेगळी सांगितली आहेत. तिन्हींचे उपाय वेगळे. दणक्याला मऊ तळ, गारव्याला मोजे, जाणिवेला दाब आणि वजन. ग्रंथालयात पुस्तकांची ढकलगाडी ढकलता तेव्हा टाचांचं काय होतं ते आठवडाभर बघा. जड वस्तू ढकलताना पायांना भरपूर जाणीव मिळते आणि काही जणांच्या टाचा तेवढा वेळ टेकतात.

आमच्याकडे प्रौढ येतच नाहीत, कारण ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं नीट जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार) म्हणजे लहान मुलांची असा समज झालाय. मुंबईत केईएममध्ये कमला निंबकर यांनी १९५० मध्ये आशियातली या विषयाची पहिली शाळा सुरू केली. तेव्हापासून हा विषय मोठ्या माणसांसाठीही आहे. तुमच्या शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आधी विचारा आणि ‘मोठ्यांना बघता का’ असंच विचारा.

धागाकर्ती

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. नागपूरच्या काकूंचा वाचल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, टाच टेकली की तुला नक्की कुठे लागतं गं? मी तिचा हात धरून पाठीच्या कण्यावरून मानेपर्यंत नेऊन दाखवला.

न्यूरॉलॉजिस्टनी हातोडी लावली, पायांतली ताकद पाहिली, पाठ पाहिली. सगळं ठीक आहे. गुडघा सरळ ठेवून माझा घोटा शून्यापर्यंतही (म्हणजे पाऊल नडगीशी काटकोनात) येत नाही, पाच अंश कमीच पडतात. वाकवला की आठ अंश वर येतो. म्हणजे मुख्यतः वरचा स्नायू. शस्त्रक्रियेचा विचार सहा महिने पुढे ढकलला आहे, हाडांच्या दुसऱ्या डॉक्टरांनाही ते पटलं.

ढकलगाडीचं खरं निघालं! भरलेली गाडी ढकलताना माझ्या टाचा टेकतात, रिकामी असली की वर जातात. हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

चपलांच्या काकांनी टाचेखाली रबराचा एक थर चढवून दिला. गोळे अजून येतात, पण आठवड्यातून दोनदा, पूर्वी रोज यायचे. उकिडवं बसायला टाचांखाली पाट सरकवून बघतेय, तसं बसता येतं. आता तो पाट हळूहळू कमी उंचीचा करत जावा का आहे तसाच ठेवावा, एवढं कोल्हापूरच्या दादांनी सांगावं. पुढच्या मंगळवारी फिजिओची पहिली वेळ आहे. जुनी, भोक पडलेली चप्पल टाकलेली नाही, ती पिशवीत घालून नेणार आहे.