ज्या घरातून एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) विकली गेली ते घर सरकारजमा व्हावं का?

खारघरकर:
भाड्याच्या फ्लॅटमधून एमडी विकणारे पकडले, ही बातमी नवी मुंबईत आता नवी राहिलेली नाही. धाड पडते, पंचनामा होतो, विकणारा तळोजा जेलमध्ये जातो. फ्लॅट मात्र काही महिन्यांत पुन्हा भाड्याने लागतो. माझं मत स्पष्ट आहे. ज्या घरात हा धंदा चालला ते घर सरकारने कायमचं घ्यावं. 'मला माहीत नव्हतं' ही मालकाची सबब मला पटत नाही. बाजारभावाच्या दीडपट भाडं रोख मिळतंय आणि भाडेकरूला करारही नकोय, तेव्हा मालकाला काहीच कळत नाही? त्याने विचारायचं नाही असं ठरवलेलं असतं.

घणसोली गावठाण:
दादा, तुमची कळकळ समजते, पण एकदा गावठाणात येऊन बघा. जमिनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतल्या, शेती गेली, मिठागरं गेली. उरली ती गरजेपोटी, परवानगीविना बांधलेली घरं. खाली आईवडील, वर चार खोल्या भाड्याने, त्यावर चूल पेटते. घर तीन भावांचं. एका खोलीत पुड्या सापडल्या म्हणून तिघांचं घर नेणार? म्हाताऱ्यांनी कुठे जायचं? टॉवरमध्ये दुसरा फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेणारा आणि आम्ही, दोघांना एकच काठी लावू नका.

वकील, ठाणे कोर्ट:
इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यात घर जातं ते मुख्यतः धंद्याच्या पैशातून घेतलेलं असेल तर. त्यासाठी १९८९ मध्ये प्रकरण ५-अ आलं. तपास अधिकारी कलम ६८-एफ खाली मालमत्ता गोठवतो, पण सक्षम प्राधिकाऱ्याने ३० दिवसांत त्यावर शिक्कामोर्तब केलं नाही तर तो आदेश गळून पडतो. मालमत्ता कष्टाच्या पैशातली आहे हे मात्र ज्याला नोटीस आली त्यानेच सिद्ध करायचं. पत्नीच्या, भावाच्या नावावर केली म्हणून सुटत नाही.
घर नुसतं वापरलं गेलं असेल तर कलम २५ आहे. जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्या मालकाला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा. ५० ग्रॅमहून जास्त एमडी म्हणजे 'व्यापारी मात्रा', आणि तिथे किमान दहा वर्षं कैद. 'जाणूनबुजून' हा शब्द महत्त्वाचा. खारघरकर, तुम्हाला नेमका तोच काढायचाय.

सानपाड्याची आई:
तो शब्द कोर्टात सिद्ध कोण करणार? मालक परदेशात, किल्ली एजंटकडे, करार नाही. पोलिसांना भाडेकरूची माहिती दिली नाही तर आदेशभंगाची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अडीच हजार! दोन दिवसांचं भाडंही नाही ते. मुलगा क्लासला जातो त्या रस्त्यावर हे चालतं आणि आम्ही कायद्यातले शब्द मोजत बसायचं का? मी खारघरकरांच्या बाजूने आहे.

वकील, ठाणे कोर्ट:
ताई, दंड वाढवा, मी सही करतो. पण अमेरिकेत काय झालं ते बघा. तिथे १९८४ मध्ये घरं-जमिनी जप्तीच्या कक्षेत आणल्या. पोराने गुन्हा केला म्हणून आईवडिलांच्या घरावर टाच आली, आणि जप्तीतला वाटा पोलीस खात्यांनाच मिळत होता. शेवटी २००० मध्ये कायदा बदलून निर्दोष मालकाच्या बचावाची तरतूद एकसमान करावी लागली. आपल्याकडे जप्त मालमत्तेची रक्कम अमली पदार्थ नियंत्रणाच्या राष्ट्रीय निधीत जाते. हा फरक मोडू नये.

खारघरकर:
आईवडिलांचं राहतं घर मीही मागत नाही. घणसोलीच्या भावाचं ते म्हणणं मान्य. पण मालक स्वतः राहत नाही, नोंदणीकृत करार नाही, पोलिसांत नोंद नाही, आणि तिथून माल निघाला, अशा वेळी माहीत नव्हतं हे मालकानेच सिद्ध करावं. गाडीच्या बाबतीत हाच कायदा मालकाकडून पुरावा मागतो ना? कलम ६० आहे. मग फ्लॅटला सूट कशाची?

वकील, ठाणे कोर्ट:
मुद्दा बिनतोड आहे. गाडीमालकाला माहिती नव्हती आणि वाजवी काळजी घेतली होती, दोन्ही दाखवावं लागतं. रिकाम्या गुंतवणुकीच्या फ्लॅटला हाच निकष लावायला माझी हरकत नाही. सुनावणीशिवाय मात्र काही नको. जप्ती मागताना काही लोक बुलडोझरही मागतात. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्येच १५ दिवसांच्या नोटिशीचं बंधन घातलंय.

घणसोली गावठाण:
गावठाणातल्या किती खोल्यांचे करार नोंदवले जातात ते मला विचारा. घरांचीच कागदपत्रं अजून नियमित झालेली नाहीत. 'करार नाही' हा निकष लावलात तर पहिले आम्हीच अडकू. आधी घरं नियमित करा, मग आमच्याकडून कागद मागा. माझा विरोध कायम आहे.

सोसायटी सेक्रेटरी, ऐरोली:
सील लागलेल्या फ्लॅटचा मेंटेनन्स कोणी भरायचा, गळती झाली तर दार कोण उघडणार, हे कोणी बोललंच नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडतोय: नोंदणीकृत करार आणि पोलीस पडताळणीची प्रत दिल्याशिवाय भाडेकरूची नोंद होणार नाही, एजंटच्या भरवशावर किल्ली दिली तरी जबाबदारी मालकाची. गावठाणाला हे लागू पडणार नाही, मान्य. आमच्या १२० फ्लॅटना पडेल.