सिलाट की सिलात? आणि त्यातला गुरू

बहिणीकडे क्वालालंपूरला गेलेलो, तिच्या ऑफिसातल्या एका मलय पोरीचं लग्न होतं. नवरा-नवरी स्टेजवर बसलेली आणि समोर दोघं काळ्या कपड्यात, कमरेला जरीचं कापड, डोक्याला फेट्यासारखं काहीतरी, ढोल नि सनईसारख्या वाद्यावर एकमेकांभोवती हळूहळू फिरतायत, मनगटं वळवतायत, मारामारी म्हणावी तर कोणी कोणाला मारेना. बहीण म्हणाली सिलाट. असंच लिहायचं का? आणि हा नाच की कुस्ती?

» सिलात लिहा, मलयमधे आपला ट नाही. ही मलय लोकांची पारंपरिक युद्धकला. तुम्ही बघितलं ते सिलात पुलुत. पुलुत म्हणजे चिकट भात, खेळणाऱ्यांना बिदागी म्हणून द्यायचे त्यावरून नाव पडलं असं सांगतात. नवरदेव त्या दिवशी 'राजा सेहारी', एका दिवसाचा राजा, म्हणून मुजरा त्याला. वाद्य सेरुनाय, सनईची चुलतबहीणच. आणि ते हातवारे म्हणजे 'बुंगा', फूल. प्रत्यक्ष डाव म्हणजे 'बुआह', फळ. फूल बघून हसू नका, त्याच वळणात समोरच्याचा हात मुरगाळायची जागा लपलेली असते, शिकवणारा ती पोरगं तयार झाल्यावर उघडून दाखवतो. त्यामुळे नाच की कुस्ती हा प्रश्नच तिकडे कोणाला पडत नाही.

» मला गंमत वाटते ती गुरूची. आपल्याकडे अध्यात्म शिकवतो तो गुरू आणि तालमीत डाव शिकवतो तो वस्ताद. तिकडे बरोब्बर उलटं, सिलात शिकवतो तो गुरू आणि धर्म शिकवतो तो उस्ताज, म्हणजे आपला वस्तादच की!

» 'बुदी' पण बघा. आपली बुद्धी, पण तिकडे जाऊन अर्थ सौजन्य, उपकार असा झाला, 'हुतांग बुदी' म्हणजे उपकाराचं ऋण. सिलातवाले ताकदीइतकंच या बुदीबद्दल बोलतात, गेलांगांगमधे म्हणजे आखाड्यात आधी आदाब मग हात. बाकी 2019 ला युनेस्कोच्या यादीत मलेशियाचं सिलात आणि इंडोनेशियाचं पेंचाक सिलात वेगवेगळं लागलंय, त्यावरून नेटवर भांडणारे ही बुदी घरी ठेवून येतात बहुतेक.

मस्त माहिती सगळ्यांची. म्हणजे राजा, गुरू, बुद्धी, अदब, सगळं आपलंच तिकडे गेलेलं.

» अदब आपलं कुठलं, अरबी आहे! दोघांनीही उसनं आणलंय.

बरं बरं. पण त्या पोरांना भात नाही मिळाला हां, पाकीट दिलं.