संगणकीय केसपेपरमधून मधुमेहाचे नवे रुग्ण कसे शोधायचे?

विदा_वाचक:
एका रुग्णालयाच्या २०१९ ते २०२३ च्या ओपीडी-आयपीडी नोंदी हाती आहेत. टाइप २ मधुमेहाचे नवे रुग्ण मोजायचे आहेत. आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीतला (आयसीडी-१०) टाइप २ मधुमेहाचा ई११ कोड शोधला तर फारच थोडे सापडतात. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध चालू असलेले सगळे धरले तर चालेल का?

साथरोग_टेबल:
नुसतं मेटफॉर्मिन धरू नका, पीसीओएससाठीही (स्त्रियांमधला अंडाशयाचा हार्मोन-विकार) ते देतात. कोड बहुधा डिस्चार्जच्या वेळी लागतो, ओपीडीत 'के/सी/ओ डीएम' (मधुमेह असल्याचं माहीत) एवढंच लिहिलेलं असतं. तो मजकूर शोधताना 'नो एच/ओ डीएम' (मधुमेहाचा इतिहास नाही) आणि 'फादर डीएम' (वडिलांना मधुमेह) आधी वगळा, नाहीतर निरोगी माणसं यादीत येतील.

एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५% किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १२६ मिग्रॅ/डेसिलिटर किंवा जास्त, ई११ कोड, मधुमेहाचं औषध: यांतले दोन पुरावे मागा. मात्र त्यात किमान एक तपासणी किंवा कोड हवाच. गरोदरपणातला मधुमेह (ओ२४) बाजूला काढा.

'नवा' ठरवायला पहिल्या पुराव्याआधी किमान १२ महिन्यांच्या नोंदी हव्यात आणि त्यांत मधुमेहाचा मागमूस नको. पहिल्याच भेटीत साखर वाढलेली दिसली म्हणून रुग्ण नवा होत नाही, त्याचे उपचार दुसरीकडे चालू असू शकतात. म्हणजे २०१९ मोजणीतून गेलंच.

लॅब_रजिस्टर:
साखरेच्या रकान्यात १३० आणि ७.२ शेजारी-शेजारी दिसले तर ७.२ हे मिलिमोल/लिटरमध्ये आहे, मिग्रॅ/डेसिलिटर करायला १८ ने गुणा. 'सॅम्पल हिमोलाइज्ड' (नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या) असा मजकूर आयात करताना रिकामा होतो आणि तपासणी झालीच नव्हती असं वाटतं.

नंदुरबार-गडचिरोलीकडचे रुग्ण असतील तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार लक्षात घ्या. त्यात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी खऱ्यापेक्षा कमी येतो. तिथे उपाशीपोटीच्या साखरेवरच भर द्या.

साथरोग_टेबल:
अगदी बरोबर. आता पडताळणी. यादीतले १०० केसपेपर चिठ्ठ्या टाकून निवडा आणि दोन डॉक्टरांना यादीचा निकाल न सांगता वेगवेगळे वाचायला द्या. ८८ खरे निघाले तर यादी ८८% खरी. यादीबाहेरचेही १०० वाचा, सुटलेले तिथेच सापडतात.

आणखी एक, दर भेटीला नवा केसपेपर नंबर निघत असेल तर एकच माणूस तीनदा मोजला जातो. फक्त मोबाईल नंबरवरून जोडू नका, घरात एकच फोन असतो. नाव, लिंग आणि जन्मवर्ष सोबत घ्या. जिल्ह्याचा दर यातून काढता येणार नाही. ब्रिटनमध्ये लोक जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नोंदलेले असतात, म्हणून सीपीआरडी या तिथल्या जीपी-नोंदींच्या विदासंचात छेद, म्हणजे एकूण लोकसंख्या, मिळतो. इथे फक्त आलेले रुग्ण आहेत.